तुम्ही हिला ऐकलं नसेलच

लग्नाच्या जेवणात जिलबीचा आग्रह ऐन रंगात आलेला असताना शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी गृहस्थ एकदम आपल्याकडे वळून "तुम्ही जूडी सिल ऐकली नसेलच" असं म्हणाला, तर ओळखावं की आपल्या वाट्याला दर्दी आला. आता मठ्ठा येईपर्यंत सुटका नाही.

हा प्रश्न नव्हे. 'ऐकली आहे' हे उत्तर त्याला नकोच असतं. कुणी भाबडेपणाने तसं म्हणालंच, तर तो क्षणभर गप्प होतो आणि मग नेट धरून विचारतो, "दुसरी रेकॉर्ड? १९७३ ची?" तिथे आपण हमखास गारद होतो आणि त्याच्या जिवात जीव येतो. मग तो सांगू लागतो. डेव्हिड गेफनच्या असायलम कंपनीची पहिलीवहिली रेकॉर्ड हिची, १९७१ ची. पुढे त्याच कंपनीने ईगल्स काढले. ते कुठल्या कुठे गेले, आणि ही १९७९ मध्ये पस्तिशीत गेली तेव्हा कुणाला पत्ताही नव्हता. "कुणाला पत्ताही नव्हता" हे शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते नवऱ्यामुलाच्या बापाच्या चेहऱ्यावरही नसतं.

दर्दी लोक आपल्याकडे पहिल्यापासून आहेत. कुणाकडे ७८ च्या तबकड्या असतात, कुणाकडे एखाद्या बुवांच्या खाजगी मैफलींच्या कॅसेट असतात आणि त्या तो बायकोलाही ऐकवत नाही. आमच्या या दर्द्याचं खातं वेगळं. स्वतः गाणी लिहिणाऱ्या, स्वतः चाली लावणाऱ्या, स्वतःच गिटार घेऊन गाणाऱ्या आणि कुणीही न ऐकलेल्या बायका. मुक्काम इंग्लंड-अमेरिका, काळ साधारण १९७० च्या आगेमागे. स्वतः दर्दी मात्र कर्वे रस्त्यावर राहतो, बँकेत असतो, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहे. मुंबईला बदली होती तेव्हा त्याचा पगार काळ्या घोड्याच्या रिदम हाउसमध्ये जायचा. ते २०१६ मध्ये बंद झालं त्या दिवशी त्याने दाढी केली नव्हती म्हणतात. आता तो बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात उकिडवा बसून, पितळी नळ आणि बिनकाट्याची घड्याळं बाजूला सारत, धुळीतल्या रेकॉर्डी उलटत असतो. त्याला हवी ती तिथे मिळण्याची शक्यता शून्य आहे. मिळाली तर तो बहुधा खट्टूच होईल.

त्याच्या यादीत नाव लागायचे नियम कडक आहेत. माझ्यासारख्याने आपलीही थोडी लाज राखावी म्हणून जोनी मिचेलचं नाव काढलं, तर 'अथर्वशीर्ष येतं का' या प्रश्नाला 'शुभंकरोति येतं' म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तसा तो माझ्याकडे प्रेमाने बघतो. जोनी मिचेल चांगली आहे, याबद्दल त्याची तक्रार नाही. पण ती सगळ्यांना चांगली वाटते, तिथे याने करायचं काय? पहिली अट, रेकॉर्ड पडलेली हवी. दुसरी, बाईने त्यानंतर गाणं सोडलेलं हवं. आणि ती नाहीशी झाली असेल तर दुधात साखर.

त्याची लाडकी व्हॅश्टी बनियन. लंडनची पोर, १९६८ मध्ये घोडागाडी घेऊन निघाली. बरोबर मित्र, कुत्रा आणि बेस नावाची घोडी. जायचं कुठे, तर पार स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे. तिथे डोनोवन या गायकाने कलावंतांची वसाहत करायचं घाटलं होतं. वाटेत थंडी, पाऊस, चिखल, आणि त्यात गाणी रचणं चालू. वर्ष-दीड वर्ष गेलं. हे सगळं त्याने बायकोला प्रथम सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे वारीच की."

"वारीत निदान विठोबा जागेवर असतो," दर्दी म्हणाला. "इथे हे पोचेपर्यंत डोनोवन निघून गेला होता."

या गाण्यांची 'जस्ट अनदर डायमंड डे' ही रेकॉर्ड १९७० मध्ये निघाली आणि काहीशेच प्रती खपल्या. 'काहीशे' हा आकडा तो आवाज खाली आणून सांगतो. व्हॅश्टीने गाणं टाकलं, मुलं वाढवली, जनावरं पाळली. तीस वर्षांनी, २००० मध्ये, रेकॉर्ड पुन्हा निघाली, लोकांनी डोक्यावर घेतली आणि २००५ मध्ये तिने दुसरी केली. इथवर दर्दी खुशीत असतो. पण मग तिचं गाणं तिकडच्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत वाजलं. तो भाग तो सांगत नाही; मला त्याच्या बायकोने सांगितला.

लिंडा पर्हॅक्सची कथा तो शक्यतो दंतवैद्याकडे सांगतो. कारण लिंडा बेव्हर्ली हिल्समध्ये एका दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात स्वच्छ करून द्यायची. तिथे येणाऱ्यांत लेनर्ड रोझनमन हे सिनेमाचे संगीतकार होते. त्यांनी तिची गाणी ऐकली आणि १९७० मध्ये 'पॅरललोग्रॅम्स' नावाची रेकॉर्ड निघाली. कंपनीने तबकडी इतकी वाईट छापली की ती ऐकून लिंडाच हताश झाली आणि मुकाट्याने दातांकडे वळली. दुसरी रेकॉर्ड आली थेट २०१४ मध्ये. आमच्या दर्द्याने हे सारं तोंडात कापसाचे बोळे असताना सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टरांना वाटलं, भूल उतरली. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

सांगण्याची त्याची पद्धतही जाणून घेण्यासारखी आहे. घरी बोलावतो. चहा होतो. मग कहाणी सुरू होते. पाऊण तास झाला तरी गाणं लागत नाही. अखेर सुई टेकते आणि आपण ऐकणार एवढ्यात तो तर्जनी वर करतो. "आता... थांबा... इथे बघा." आपण बघतो. "गेलं." गाणं अडीच मिनिटांचं असतं, त्यातली दोन मिनिटं त्याच्या बोटाकडे पाहण्यात जातात. उरलेल्या अर्ध्या मिनिटात काय ऐकलं यावर चर्चा होते.

कॉनी कॉन्व्हर्स ऐकवली त्या संध्याकाळी मात्र मी गप्प बसलो होतो. ही बाई १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एकटीच गिटारवर स्वतःची गाणी म्हणायची, अजून तशी रीत पडायची होती तेव्हा. १९५४ मध्ये एकदा टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात गायली. पुढे काहीच जमलं नाही. न्यूयॉर्क सोडलं, मिशिगनमध्ये एका संशोधन-पत्रिकेचं संपादन केलं आणि ऑगस्ट १९७४ मध्ये, वयाच्या पन्नाशीला, घरच्यांना-मित्रांना पत्रं लिहून, फोक्सवॅगनमध्ये सामान भरून निघून गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. गाणी उरली ती जीन डाइच नावाच्या माणसाने आपल्या घरी टेपवर घेतली होती म्हणून. "तोच तो, ज्याने प्रागमध्ये बसून टॉम अँड जेरीच्या १३ फिल्म केल्या," दर्दी म्हणाला. त्या बैठकीत एक आठ वर्षांचा पाहुणाही होता. तो म्हणाला, "त्या भंगार असतात." जगभरच्या टॉम-जेरीवाल्यांचंही साधारण हेच मत आहे, त्यामुळे त्याला कुणी रागावलं नाही.

खरी मौज दोन दर्दी समोरासमोर आले की. दुसरा ठाण्याचा. चहा मागवायच्या आधीच हा म्हणाला, "शेला मॅकडॉनल्ड."

"स्कॉटिश. दोन रेकॉर्डी, १९७० आणि १९७१. नंतर गायब," ठाण्याने एका दमात सांगितलं. "पण २००५ मध्ये सापडली की हो."

"सापडली?"

"स्वतःहून एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली."

आमच्याकडचा खिन्न झाला. सुखरूप सापडणं ही त्यांच्या बाजारात फार मोठी घसरण आहे. मग ठाण्याने हलकेच मॉली ड्रेक टाकली. जन्म रंगूनचा, गायक निक ड्रेकची आई, १९५० च्या दशकात घरातल्या पियानोवर गाणी रचायची आणि ती नवरा घरच्या यंत्रावर टिपून ठेवायचा. रेकॉर्ड २०१३ मध्ये निघाली, तिच्या मागे कितीतरी वर्षांनी. "तिने तर प्रयत्नच केला नाही," ठाणे म्हणालं. अपयशी ठरण्याचीही तसदी न घेतलेली बाई! यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. चहाचे पैसे आमच्या दर्द्याने दिले.

हसायला हा माणूस सोपा आहे. पण एक गोष्ट त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे. ही गाणी आज आहेत ती अशाच कान खाणाऱ्या मंडळींमुळे. सिबिल बायर या जर्मन बाईने १९७० ते १९७३ या काळात घरीच टेपवर गाणी म्हणून ठेवली, विम वेंडर्सच्या एका सिनेमात जराशी दिसली आणि संसाराला लागली. तीस-एक वर्षांनी मुलाने घरच्यांना भेट म्हणून त्या टेपांची सीडी केली. एक प्रत डायनोसॉर ज्युनिअर या बँडच्या जे मॅस्किसला दिली, त्याने ती एका छोट्या कंपनीच्या हातात कोंबली, २००६ मध्ये रेकॉर्ड आली. कॉनीचंही तेच. २००४ मध्ये ऐंशीच्या घरातला डाइच न्यूयॉर्कच्या रेडिओवर गेला आणि म्हणाला असणार, हिला तुम्ही ऐकलं नसेलच. ते कुणीतरी ऐकलं, आणि २००९ मध्ये अल्बम निघाला. मोठ्या कंपन्यांनी यातलं काहीही केलं नाही. केलं ते जेवणाऱ्याला जेवू न देणाऱ्यांनी. म्हणून मी जिलबी खात त्याचं ऐकून घेतो.

"आपल्याकडे असं कुणी नाही का?" असं त्याला बायकोच्या मावशीने विचारलं होतं. मावशी परभणीकडच्या. दर्दी आठवडाभर गायब होता तो जात्यावरच्या ओव्या घेऊनच उगवला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून काम उभारून गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या. बायांनी स्वतः रचलेल्या, स्वतः म्हटलेल्या, आणि खप नाही! डोळे लकाकत होते. "तडकळसच्या गंगूबाई अंबोरे," तो म्हणाला, "तुम्ही ऐकलं—"

"तडकळस? शेजारचंच गाव हाय आमचं," मावशी म्हणाल्या. "ह्यातल्या निम्म्या वव्या मला येतेत." आणि दळण नसतानाही त्यांनी सुरुवात केली. त्याला बोट वर करायला जागाच मिळाली नाही.

त्याची भाची सांगलीहून शिकायला आली आणि कोथरूडला खोली घेऊन राहिली. गाणी लिहिते, चाली लावते, गिटारवर म्हणते, आणि मराठीत. एक गाणं न थांबणाऱ्या बसवर आहे, एक खानावळीच्या डब्यावर, एक रात्री अकराला परतलेल्या मुलीला घरमालकीणबाई विचारतात त्या प्रश्नांवर. तिसरं फारच चांगलं आहे. तिने ती मोबाइलवर घेतली आणि सगळ्यात आधी मामाला पाठवली. मामाने डोळे मिटून तिन्ही ऐकली.

"आवाजात काहीतरी आहे," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"तू आहेस ना अजून."

त्याचंही खरं होतं. कोथरूडला राहणारी, फोन केला की उचलणारी, भाऊबीजेला येऊन चिवडा संपवणारी गायिका शिफारशीला घ्यायची कशी? गोष्ट काय सांगायची? इथे मात्र मला त्याचा राग येतो. व्हॅश्टीला श्रोते हवे होते १९७० मध्ये, तेव्हा तिच्याकडे घोडी होती आणि पैसे नव्हते. २००० मध्ये मिळालेले श्रोते चांगलेच, पण तोवर मुलं मोठी झाली होती.

भाची हुशार. महिनाभराने तिने फोन केला. "मामा, गाणं सोडलं. सीएची आर्टिकलशिप सुरू झाली. ती तीन रेकॉर्डिंगही उडवून टाकतेय."

त्या रात्री कर्वे रस्त्यावरचा दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या दर्द्यांना निरोप गेला. "तीनच गाणी. भाड्याच्या खोलीत, मोबाइलवर ध्वनिमुद्रित. त्यानंतर तिने गाणं कायमचं सोडलं. सध्या हिशेब तपासते, असं कळतं." नातं त्याने लिहिलं नव्हतं. न्यू जर्सीहून विचारणा आली, "हयात आहेत का?" ठाण्याने उलट टपाली कळवलं की त्याने हिला गेल्याच वर्षी ऐकलं होतं, जे कालगणनेत बसत नव्हतं. पंधरा दिवसांत एका छोट्या नाट्यगृहाने तिला शोधून काढलं. आर्टिकलशिपमधून तिला एका शनिवारी सुट्टी मिळाली. सगळ्या खुर्च्या भरल्या, मागे माणसं उभी होती. घरमालकीणबाईसुद्धा आल्या होत्या, आणि तिसऱ्या गाण्याला सगळ्यात जोरात त्याच हसल्या.

मामा शेवटच्या रांगेत बसला होता. कसं झालं विचारलं तर म्हणाला, "बरं झालं. पण आता काय, सगळ्यांनीच ऐकलं."

परवा तिचा पुन्हा फोन आला होता. "मामा, चौथं गाणं झालंय. ऐकतोस, की आधी बेपत्ता होऊ?"