खर्ड्यात नवा माणूस

माझा भाचा नोकरीसाठी दक्षिण कोरियातल्या सुवन शहरात गेला आणि त्याच सुमारास माझी बदली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला झाली. त्याला पोचवायला अख्खं घर विमानतळावर लोटलं. मला एसटी स्टँडवर न्यायला रिक्षावालासुद्धा राजी होईना.

बाकी दोघांची गत सारखीच. गाव नवं, रीत परकी आणि उशाला किल्ला. सुवनचा ह्वासाँग किल्ला 1794 ते 1796 या काळात बांधला गेला. 1795 मध्ये चोंगजो राजाने तिथे आपल्या आईची साठी थाटामाटात साजरी केली. त्याच वर्षी, 11 मार्चला, खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांपुढे निजामाची पळापळ चालली होती. नशीब एकेका गावाचं!

भाच्याचा पहिला फोन कचऱ्याबद्दल होता. कोरियात 1995 पासून कचरा टाकायचा तर ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. खरकटं वेगळं, आणि कित्येक इमारतींत तर त्याचं वजन करून पैसे लावतात. "मामा, कांद्याची सालं टाकायलासुद्धा पैसे!" तो कळवळला. मी पोट धरून हसलो. पुण्याहून येताना काळ्या पिशव्यांचं अख्खं भेंडोळं आणलं होतं. आमच्याकडे कचरा फुकट.

घंटागाडी यायची ती मी अंगाला साबण लावल्यावर. शेवटी एका सकाळी भरलेली पिशवी उचलली आणि कचराकुंडी शोधायला निघालो.

"गावाला निघाले का सायेब?" पहिल्याच वळणावर प्रश्न आला. नाही म्हटलं. "मग बाजार केला का?" तेही नाही म्हटलं. पिशवीत काय आहे, हे चारचौघांत सांगण्याची छाती झाली नाही. त्यापुढे कोण गावचे, कोणाच्या घरात राहता, मुलंबाळं किती, पगार कापून हातात किती येतो, अशी जबानी झाली. इतकी चौकशी माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

तेवढ्यात एका सद्गृहस्थांना माझी दया आली. "सायेबानं ओझं उचलायचं? शोभतं का?" म्हणत त्यांनी पिशवी हिसकावली आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्याच घरमालकीणबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

पुन्हा निघालो. चहाच्या हॉटेलात पिशवी बाकाखाली सरकवली आणि साळसूदपणे बाहेर पडलो. मागून पोरगं धापा टाकत आलं. "सायेब, पिशवी राहिली तुमची!" खर्ड्याच्या प्रामाणिकपणाला त्या दिवशी मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे छापता येणार नाही.

मग एक मोटारसायकल थांबली. पिशवीवाला परका माणूस म्हणजे किल्ला बघायला आलेला पाहुणा, हा चालकाचा ठाम समज. त्याने थेट किल्ल्यापाशी नेऊन सोडलं. किल्ला भुईकोट, निंबाळकरांचा. शेजारी 2021 मध्ये उभारलेला 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज. आपण पाहतो मान वाकडी होईपर्यंत. रणातून हटलेला निजाम अली याच किल्ल्यात शिरला आणि अडकला. सुटकेसाठी त्याला दौलताबादसह मुलूख तोडून द्यावा लागला, कोट्यवधींची खंडणी कबूल करावी लागली, वर आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या हवाली करावा लागला. निजामाला निदान दिवाण तरी देऊन टाकता आला. माझी पिशवी घ्यायला कोणी तयार नव्हतं.

घरी परतलो तर मालकीणबाई वाट पाहत होत्या. त्यांनी पिशवी सरळ ओट्यावर पालथी केली. सालं आणि देठ शेळीपुढे गेले. कागद बंबाच्या सरपणात. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत. बरणीत मीठ. उरली ती काळी पिशवी. तीही झटकून, घडी घालून त्यांनी फळीवर ठेवली. "एवढं चांगलं टाकायला निघाले होते?" त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे भाकरी, पिठलं, ठेचा ठेवला.

रात्री हा प्रकार भाच्याला रंगवून सांगितला. तो खूप हसला, मग गप्प झाला. म्हणाला, "मामा, इथे सगळं वेळेवर, स्वच्छ, चोख. पण आल्यापासून मला कोणी विचारलं नाही, कुठे निघालास म्हणून." काय बोलावं सुचेना. 'जेवलास का?' एवढंच विचारलं आणि त्याने काय काय खाल्लं ते शेवटच्या घासापर्यंत ऐकून घेतलं.

तेव्हा खर्ड्याला बदली झाली तर रडत बसू नका. आपला पगार किती सांगायचा ते आधीच ठरवून ठेवा आणि उन्हं चढायच्या आत किल्ला बघून घ्या. जाताना पाणी मात्र न्या. 1795 मध्ये इथे कोंडलेल्या निजामाच्या फौजेचे पाण्यावाचूनच हाल झाले होते.