मिश्र पिकाखालील पदवी

सबंध हयात तलाठ्याच्या दप्तरात घालवलेल्या माणसाला जगातील कोणतीही वस्तू योग्य त्या रकान्यात बसवल्यावाचून चैन पडत नाही. त्यामुळे आमच्या करकंबातील चुलतभावाचा नातू पंढरपूरच्या कॉलेजात नेमके काय शिकतो, या प्रश्नाने माझ्या निवृत्तीच्या स्वास्थ्याचा जो भंग केला, त्यास म्हातारपणची चौकशी म्हणणे अन्यायाचे होईल.

"मेजरला मराठी, मायनरला अर्थशास्त्र आणि ओपन इलेक्टिव्हला सायन्सकडचा एक पेपर, तात्या," असे एसटीची वाट पाहता पाहता त्याने सांगितले, आणि वर भारतीय ज्ञान प्रणालीचे 2 श्रेयांक पुस्तीसारखे जोडले. आमच्या काळी कला शाखेच्या मुलाने प्रयोगशाळेच्या दारात घुटमळणे हीच आगळीक होती. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये, जे आपल्याकडे पदवीच्या वर्गांना 2024 पासून सरसकट लागू झाले, खुला विषय परक्या शाखेतूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती आहे. पसंतीक्रम भरून देण्याची पूर्ण मोकळीक होती. तथापि ज्या विषयाला शिक्षक हजर होते, तोच सर्वांच्या पसंतीस उतरला.

अखेर मदतीला धावला तो गाव नमुना बारा. त्यात मिश्र पिकाखालील क्षेत्र आणि निर्भेळ पिकाखालील क्षेत्र असे दोन वेगळे रकाने असून, मिश्रणातील घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र पृथक दाखवावे लागते. म्हणजे रब्बी ज्वारीत करडईची पाभर धरणाऱ्या आमच्या शेतकऱ्याचा जो बंदोबस्त महसूल खात्याने केव्हाच करून ठेवला, तो विद्यापीठांना आत्ता सुचला. खेळ आणि एन.एस.एस. मी प्रथम पोटखराब्यात टाकले होते. परंतु त्यांचेही श्रेयांक धरतात असे कळताच ते क्षेत्र लागवडीखाली आणले.

पहिल्या वर्षाअखेर 40 ते 44 श्रेयांक पदरी पाडून, वर 4 श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम उरकून, प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची मुभा आहे, आणि क्रेडिट बँकेत जमा झालेली ही पुंजी 7 वर्षे ग्राह्य राहते, हे मी ओसरीवर समजावून देत असता वहिनी आतून म्हणाल्या, "मंजी शाळा सोडली असं म्हनायचं न्हाई व्हय आता? मग ह्यांनी मॅट्रिकला सोडली, त्याचं कायतरी साठलं आसंल की त्या बँकेत. बघा जरा." भाऊंनी सुपारी कातरण्यात लक्ष घातले.

परवा शिष्यवृत्तीचा अर्ज, माझे अक्षर मोडीच्या वळणाचे असूनही, माझ्याकडेच भरावयास आला. 'अभ्यासाचा विषय' या शब्दांपुढे जेमतेम दीड बोट जागा होती. मी तीत 'मिश्र; घटक विषय सोबतच्या पुरवणीत' असे नमूद केले आणि हाताच्या सवयीने खाली 'समक्ष पाहणी केली' असेही लिहून गेलो. कारकुनाने तो काहीएक न विचारता दाखल करून घेतला.