आहे त्या पदावर

एखाद्याच्या घरी माणूस गेलं तर समाचाराला कधी जावं, किती वेळ बसावं, काय बोलू नये, निघताना 'येतो' म्हणू नये, हे सगळं आपल्याकडे ठरलेलं आहे. बढती गेली तर काय करावं याबद्दल मात्र धर्मसिंधू गप्प आहे. त्यामुळे लोक आपल्या मनाने येतात, मनाला येईल ते बोलतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. सुतक निदान दहाव्या दिवशी फिटतं. बढतीचं सुतक पुढची निवडसूची लागेपर्यंत चालतं.

आमच्या निमसरकारी कार्यालयात अधीक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि ज्येष्ठता यादीत माझं नाव पहिलं होतं. ही यादी दर वर्षी १ जानेवारीची स्थिती धरून निघते. आधी तात्पुरती, मग हरकती, मग अंतिम. तात्पुरत्या यादीत माझी जन्मतारीख चुकली होती. मी रीतसर हरकत घेतली, ती मान्य झाली, आणि अंतिम यादीत मी पहिलाही होतो आणि बिनचूकही. मग विभागीय पदोन्नती समिती बसली. समिती उठली, मी बसलेलाच राहिलो.

समितीचं इतिवृत्त गोपनीय असतं. ते बंद लिफाफ्यातून आस्थापना शाखेत येतं. आस्थापनेचं टेबल माझं. म्हणजे माझ्याबद्दल काय ठरलं हे गुप्त ठेवण्याची जबाबदारी कार्यालयाने विश्वासाने माझ्यावरच टाकली होती. मी लिफाफा फोडला. अनुक्रमांक एकला माझं नाव, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'विचार केला, शिफारस नाही.' विचार केला, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे तेवढंसुद्धा सहसा होत नाही. अनुक्रमांक दोनला 'शिफारस आहे.' अनुक्रमांक दोन म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा. मुलगा कसला, चाळिशी उलटलेला बाप्या, पण मी त्याला आवक-जावक शिकवली असल्याने माझ्या लेखी मुलगाच.

पुढचं काम टिपणीचं. आमच्या कार्यालयात टिपणी माझ्यासारखी कोणी लिहीत नाही. हे मी म्हणत नाही, टिपणी लिहायची वेळ आली की सगळेच म्हणतात. मी पाणी प्यायलो आणि बसलो. विषय: अधीक्षक पदावर पदोन्नती देणेबाबत. संदर्भ एक, दोन, तीन. 'उपरोक्त विषयान्वये'पासून सुरुवात करून मी त्या मुलाची पात्रता अशी मुद्देसूद मांडली की वाचता वाचता मलाही पटली. शेवटी 'आदेशाचा मसुदा मान्यतेस्तव सादर' आणि खाली माझी लघुस्वाक्षरी. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "वा! ड्राफ्ट असावा तर असा." टायपिंग होऊन आलेल्या आदेशात 'पदोनती' असं पडलं होतं. मी तो परत पाठवून 'न'ला 'न' जोडून घेतला. माझ्या हातून बढती दुसऱ्याला गेली तर इलाज नाही, पण अशुद्ध जाता कामा नये.

आता कारण. कार्यालयात कारण लगेच मिळतं, न्याय सावकाश. गेल्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल समितीपुढे होते. आमच्याकडे या अहवालात प्रतवारी असते: अ+ म्हणजे अत्युत्कृष्ट, अ म्हणजे उत्कृष्ट, ब+ म्हणजे निश्चित चांगला, ब म्हणजे चांगला. समितीला हवे होते पाचही वर्षं निश्चित चांगले. मी चार वर्षं निश्चित चांगला होतो आणि एक वर्ष नुसताच चांगला. त्या वर्षी जे साहेब होते ते देवमाणूस. कोणावर अन्याय नको म्हणून त्यांनी सगळ्या शाखेला सरसकट 'चांगला' लिहिलं आणि निवृत्त होऊन देवदर्शनाला निघून गेले. एखाद्या खडूस साहेबाने वाकडं लिहिलं असतं तर भांडायला तोंड तरी होतं. चांगलं म्हटल्याबद्दल तक्रार कशी करायची?

"का नाही करायची?" हे आमचे युनियनचे सरचिटणीस. हे गृहस्थ सर्व्हिस मॅटरमध्ये वकिलांना सल्ला देतात. त्यांनी मला कँटीनमध्ये बसवून 'देव दत्त विरुद्ध भारत सरकार' हा खटला सांगितला. देव दत्त हे सीमेवर रस्ते बांधणाऱ्या खात्यात कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता व्हायला पाच वर्षं 'व्हेरी गुड' शेरा लागत होता. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना 'गुड' मिळाला, तो त्यांना कळवला गेला नाही, आणि बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेऱ्याचं नाव काय याला महत्त्व नाही, त्याचा परिणाम काय होतो ते बघा, असं न्यायालय म्हणालं. ज्या 'गुड'ने बढती जाते तो शेरा प्रतिकूलच. तेव्हा प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे.

"जिंकले?" मी विचारलं.

"जिंकले म्हणजे काय! लँडमार्क आहे. २००८."

"आणि बढती?"

"तोपर्यंत ते रिटायर झाले होते," सरचिटणीस म्हणाले आणि त्यांनी माझ्या बशीतली भजी उचलली. "पण फेरविचार करा म्हणून आदेश झाला ना! करायचा का अर्ज?"

एव्हाना बातमी घराकडे निघाली होती. पहिला फोन थोरल्या बहिणीचा. तिच्या मते झालं ते फार उत्तम झालं, कारण बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे खानावळीचं जेवण, मुलीचं शेवटचं वर्ष, आईचे गुडघे. हे सगळं खरं होतं. बदली टळल्याचा आनंद मला व्हायला हवा होता, पण आधी बढती मिळून मग बदली रद्द करून घेण्यात जी मजा आहे ती काही न्यारीच, आणि तिला मी मुकलो होतो. दुसऱ्या फोनवर आत्या. तिने साडेसाती किती उरली ते सांगितलं आणि शनिवारचा मारुती सुचवला. शनिवारी मारुतीला गेलो तर रांगेत माझ्यापुढे अनुक्रमांक दोन. तो नारळ वाढवायला आला होता.

हिंजवडीचा मेहुणा रविवारी मुद्दाम आला. "दाजी, तुमच्याकडे निदान यादी असते," तो म्हणाला. "आमच्याकडे बेल कर्व्ह. टीममध्ये दहाच्या दहा हिरे असले तरी दोघांना खाली ढकलावंच लागतं. कर्व्ह बसायला हवा ना!" या गृहस्थाला दर दोन-तीन वर्षांनी नवं पद मिळतं. सीनियर झाला, लीड झाला, प्रिन्सिपल झाला. हाताखाली कोण आहे विचारलं तर म्हणतो, 'मी इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युटर आहे.' म्हणजे माझ्यासारखाच, फक्त इंग्रजीत.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आले ते थेट आइन्स्टाइनला घेऊन. १९०२ साली आइन्स्टाइन बर्नच्या पेटंट कार्यालयात लागले, हुद्दा तृतीय श्रेणी तंत्रज्ञ. १९०४ मध्ये नोकरी कायम झाली, पण द्वितीय श्रेणी काही मिळेना. यंत्रतंत्र अजून पुरतं अवगत नाही, असं त्यांच्या साहेबांचं मत पडलं. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, या तृतीय श्रेणीच्या माणसाने सापेक्षतावाद मांडला. द्वितीय श्रेणी मिळायला १९०६ उजाडलं. "सांगायचा मुद्दा काय," गुरुजी म्हणाले, "बढती थांबली म्हणून आइन्स्टाइन थांबले नाहीत." मी मान डोलावली. पण रात्रभर माझ्या डोक्यात आइन्स्टाइन नव्हते, त्यांचे साहेब होते. १९०५ सालचा आइन्स्टाइनचा गोपनीय अहवाल या सद्गृहस्थांनी कसा लिहिला असेल? 'काम चांगले. टेबलाबाहेरच्या विषयांत रस घेतात.'

सगळ्यात शास्त्रशुद्ध समाचार घरातून आला. मुलगी मॅनेजमेंट शिकते. तिने लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांचं १९६९ सालचं पुस्तक काढलं. त्याचा सारांश असा की, जमतंय म्हणून माणसाला वर चढवत जातात आणि ज्या पायरीवर त्याला काही जमेनासं होतं तिथे तो कायमचा थांबतो. "म्हणजे बाबा, तुम्हाला अजून जमतंय, एवढाच याचा अर्थ." पुढे तिने इटलीची गोष्ट सांगितली. कातानिया विद्यापीठातल्या तिघांनी गणित मांडून दाखवलं की बढत्या सरळ चिठ्ठ्या टाकून दिल्या तर संस्था अधिक चांगली चालेल. या शोधाला २०१० सालचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. मी दोन्ही केलं. म्हाडाच्या सोडतीसारखी अधीक्षकपदाची सोडत निघाली असती तर? नाव नाही लागलं तरी माणूस नशिबाला बोल लावून मोकळा होतो. 'विचार केला' असं निदान कोणी लिहीत नाही.

बायको मात्र समाचाराला बसली नाही. तिने एकच प्रश्न विचारला. "अहो, पगारात फरक किती पडला असता?"

इथे माझी पंचाईत झाली, कारण उत्तर होतं, काहीच नाही. बढतीच्या जागा कमी आणि वाट बघणारे फार, म्हणून सरकारने आश्वासित प्रगती योजना काढलेली आहे. सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेला असे तीन लाभ मिळतात. पद तेच, टेबल तेच, पगार वरच्या पायरीचा. मला त्यातला दुसरा लाभ कधीच मिळालेला होता. म्हणजे मी अधीक्षकाचं वेतन घेऊन लिपिकाचं काम करत होतो, आणि अनुक्रमांक दोनला आता जवळपास त्याच वेतनात अधीक्षकाची डोकेदुखी करायची होती. हिशेबाने बघता फसवणूक त्याची झाली होती.

"मग तुम्हाला हवंय काय?" तिने विचारलं.

हवं होतं ते असं: काचेचं पार्टिशन. फिरती खुर्ची आणि तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. हा टॉवेल कशासाठी असतो ते कोणालाच ठाऊक नाही, कोणी त्याला तोंड पुसल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण तो आहे की नाही यावरून माणूस साहेब आहे की नाही हे दारातून कळतं. टेबलावर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. आणि घंटी. ती वाजवल्यावर शिपाई येत नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण न येणारा शिपाई बोलावण्याचा अधिकार असणं, यात काहीतरी आहे.

तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवला. मी घंटीचा विषय वाढवला नाही.

रुजू होण्याच्या दिवशी सत्कार झाला. वर्गणी मी गोळा केली, कारण वर्गणीची वही माझ्याकडे असते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पेढे मीच आणले, कारण दुकानदार मला उधार देतो. प्रास्ताविकही मीच केलं, आणि लोक म्हणाले की बोलताना मी भारावून गेलो होतो. नंतर केबिनमध्ये आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो आणि खरी अडचण सुरू झाली. काल मी त्याला 'अरे, ते रजिस्टर आण' म्हणत होतो. आज 'अरे' म्हणता येईना आणि 'आपण' म्हणायला जीभ वळेना. त्याचंही तेच. बराच वेळ आम्ही कर्ता गाळून बोलत राहिलो. "चहा झाला का?" "झाला. इकडे?" "मागवायचाय." "फाइल बघितली गेली का?" "बघितली जाईल." शेवटी तो म्हणाला, "भाऊसाहेब, बसा हो," आणि मी म्हणालो, "नको साहेब, बरं आहे." तेव्हापासून व्यवस्था लागली. तो मला भाऊसाहेब म्हणतो, मी त्याला साहेब म्हणतो, आणि अवघड फाइल आली की तो केबिनमधून बाहेर येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहतो. घंटी वाजवत नाही. शिपाई येणार नाही हे त्यालाही मीच शिकवलं होतं.

मार्च संपला आणि गोपनीय अहवालांचा हंगाम आला. आता माझा अहवाल लिहिणार साहेब. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "भाऊसाहेब, सगळ्यांच्या शेऱ्यांचे मसुदे टाका ना. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. तुमचाही तुम्हीच टाका, मी सही करतो."

मी घरून ठरवून आलो होतो. सगळ्यांचे नीट लिहिले, कोणालाही नुसतं 'चांगला' लिहिलं नाही. मग माझा फॉर्म घेतला. सचोटी निःसंशय. मसुदालेखन असाधारण. वरिष्ठांना मार्गदर्शन करण्याची क्षमता आहे, हे खोडून 'सहकार्य' केलं. बढतीसाठी योग्यता: तात्काळ. प्रतवारी: अ+. गठ्ठा आत पाठवला.

संध्याकाळी बाकीचे सगळे सहीसह परत आले. माझ्यावर चिकटपट्टी होती: 'चर्चा करावी.'

चर्चेला गेलो. साहेबांना माझ्या एकाही शब्दाबद्दल शंका नव्हती. उलट हे सगळं कमीच लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. खुर्चीवरचा टॉवेल सारखा करत ते अजिजीने म्हणाले, "भाऊसाहेब, अ+ दिला तर पुढच्या यादीत तुमची बढती नक्की. मग आस्थापना कोण बघणार?"

याला उत्तर नव्हतं. आस्थापना खरोखरच कोणाला बघता येत नाही. बराच वेळ दोन्ही बाजू मांडून झाल्यावर आमचं ब+ वर एकमत झालं. मी टेबलावर आलो, प्रतवारी दुरुस्त केली, नवी टिपणी लावली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चर्चेनुसार फेरसादर.'