खुर्ची साहेबांची, कंबर कारकुनाची

सरकारी कचेरीत खुर्ची कंबर बघून मिळत नाही, हुद्दा बघून मिळते. साहेबांची खुर्ची उंच पाठीची, डोकं टेकायला उशीवाली. हेडक्लार्कची मध्यम पाठीची, फिरणारी पण कुरकुरत. आणि दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या डेटा एन्ट्रीच्या मुलीच्या वाट्याला येते ती साहेबांकडून हेडक्लार्ककडे, तिथून आस्थापना शाखेत आणि तिथून निर्लेखनाला जाता जाता वाचलेली. माणसाला बढती मिळते, खुर्चीला फक्त पदावनती. गंमत अशी, की साहेब आपल्या खुर्चीत फारसे सापडतच नाहीत. मीटिंग, व्हीसी, दौरा. सगळ्यात महाग खुर्ची सगळ्यात कमी बसणाऱ्याला, हा खरेदीचा अलिखित नियम.

त्या मुलीची खुर्ची एकदा नीट बघा. हायड्रॉलिक गेलेलं. सकाळी पावणेदहाला ती उंची चढवून बसते आणि खुर्ची तासातासाला बोटभर खाली येते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल छातीशी आणि खांदे कानाशी. डावा हात सुतळीने बांधलेला, पाचांतलं एक चाक गायब, बुडाखाली घरून आणलेली, जुन्या पातळाची खोळ घातलेली उशी. टेकायला गेलं की पाठ आदबीने मागे सरकते, म्हणून कोणी टेकत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र तिची स्थिती 'उत्तम' आहे. कमरेची स्थिती लिहायची नोंदवही शासनाने अजून काढलेली नाही.

डॉक्टर सांगतात, पावलं जमिनीवर सपाट टेकावीत, गुडघे साधारण काटकोनात असावेत, कोपर टेबलाच्या उंचीला यावं, कमरेच्या खळग्याला आधार असावा आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. यातली शेवटची अट कचेरीने नकळत पाळली आहे, कारण मॉनिटरखाली दोन जाडजूड अधिनियम ठेवलेले आहेत. त्या कायद्यांचा कोणाला तरी प्रत्यक्ष लाभ झाल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

कमरेच्या आधाराचं साधनही हजर आहे, फक्त चुकीच्या जागी. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल पसरलेला असतो. त्याला साहेब तोंड पुसत नाहीत, हातही पुसत नाहीत. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी कमरेच्या खळग्यात गुंडाळी ठेवून बसण्याचा वर्षानुवर्षं पुरस्कार केला. विकतची गुंडाळी नसली तर घट्ट गुंडाळलेला टॉवेल चालतो, असं आपल्याकडचे फिजिओही सांगतात. म्हणजे कंबरदुखीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आपण अधिकाराची खूण म्हणून वाळत घातला आहे. तो काढून गुंडाळायचा तर वरिष्ठांची मंजुरी लागेल, आणि मंजुरी द्यायची ती त्याच टॉवेलाला पाठ लावून.

'ताठ बस' ही मराठी घरातली सर्वांत जुनी वैद्यकीय सूचना. शास्त्र मात्र इतकं ताठ राहिलेलं नाही. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना तो 100 धरला, तर टेकू न घेता बसल्यावर 140 आणि पुढे वाकून बसल्यावर 185. मग 1999 मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवला, तर खुर्चीत सैल रेलल्यावरचा दाब उभ्यापेक्षाही कमी भरला. कचेरीत दुपारी तीनला जे आसन सर्रास दिसतं, त्याला विज्ञानाचा पाठिंबा निघाला! फक्त ते साडेपाचपर्यंत तसंच धरून ठेवायचं नसतं. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. आजूबाजूचं पोषण तिच्यात झिरपतं आणि हालचाल असली की पाठीला बरं असतं. तेव्हा ताठ काय नि वाकडं काय, तासन्‌तास एकाच ढबीत बसणं वाईट. अर्ध्या तासाने उठावं, चार पावलं चालून यावं.

या कसोटीवर कचेरीतली पहिल्या नंबरची पाठ शिपाईमामांची. दाराबाहेर बिनपाठीचं लाकडी स्टूल, घंटी वाजली की उठा, फाईल न्या, चहा आणा. अशी सोय कुठल्याही ऑर्थोपेडिक खुर्चीत नाही. पण ई-ऑफिस आलं. फाईल आता पडद्यावरच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि मामाही मोबाईलमध्ये मान खुपसून बसलेले असतात. फाईलला लागणारा वेळ तेवढा पूर्वीइतकाच आहे.

खासगीवाल्यांनी हसू नये. हिंजवडीतली खुर्ची जाळीच्या पाठीची, किंमत हजारांत, खाली सतरा खटके, त्यातला वापरात एकच, उंचीचा. एचआर पाठीच्या आरोग्यावर दोन तासांचं वेबिनार ठेवतं आणि तेवढा वेळ कॅमेरा चालू ठेवून जागेवर बसायची ताकीद देतं. लोकलच्या चौथ्या सीटबद्दल तर बोलायलाच नको. बाक तिघांचा, 'जरा सरका' म्हणून चौथा टेकतो. निम्मं बूड बाकावर, निम्मं रेल्वेच्या भरवशावर. वर मागच्या खिशात फुगलेलं पाकीट. बदलापूर ते सीएसएमटी. दोन्ही बाजूंना सारखा भार द्या म्हणणाऱ्या डॉक्टरांनी एकदा सव्वाआठची पकडून दाखवावी.

तरी या सगळ्यांना बूड टेकायला काहीतरी आहे. कपड्यांच्या शोरूममध्ये, मॉलमध्ये दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना तेही नसतं, कारण बसलेली सेल्सगर्ल मालकाला आळशी दिसते. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करा, असं 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 44 मध्ये सांगून ठेवलं. दुकानांसाठी केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तशी सोय मालकांवर बंधनकारक केली. तिथली दुकानं काही त्यामुळे बुडाली नाहीत.

सणाच्या खरेदीला जाल, तेव्हा दहा साड्या उलगडून दाखवणारी मुलगी तुम्हाला हसून 'बसा ना, मॅडम' म्हणेल. जरूर बसा. पण बसण्याआधी काउंटरवरच्या मालकाला एवढंच विचारा, हिचं स्टूल कुठं आहे?