कृतज्ञतेचा सेट

हौसेने दागिने करणारी एक तरी वहिनी हल्ली पुण्या-ठाण्याच्या प्रत्येक सोसायटीत असतेच. आधी तिचे केक झाले, मग टेराकोटा झालं, सध्या मोत्यांवर फुलं रंगवणं जोरात आहे. पण तिला ‘दागिने विकता का?’ असं विचारायचं नाही. ती भावना व्यक्त करते. भावना आठशेपासून सुरू होतात.

तिच्या डायनिंग टेबलावर ताट ठेवायला जागा नसते. बटणासारखे चपटे मोती कापसावर ओळीने मांडलेले, शेजारी अ‍ॅक्रिलिकच्या डब्या, ट्रिपल झिरोचा ब्रश आणि ब्रश धुवायची वाटी, जिच्यातलं पाणी नवरा एकदा चहा समजून प्यायला होता. मोती गुळगुळीत, त्यावर रंग सहज धरत नाही. म्हणून श्वास रोखून पाकळी काढायची आणि वाळली की वरून वार्निशचा हात. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, की प्राजक्ताची जास्वंद होते. हरकत नाही, जास्वंद म्हणजे ‘उत्कटता’.

कारण प्रत्येक फुलाला एकेक भावना नेमून दिलेली आहे. प्राजक्त म्हणजे कृतज्ञता, सोनचाफा म्हणजे आईची आठवण, बकुळ म्हणजे न सांगितलेलं प्रेम. गोकर्ण म्हणजे ‘स्वतःसाठी काढलेला वेळ’, आणि तो सेट सगळ्यात महाग.

‘लाल पैठणीवर काय जाईल?’ एखादी विचारते.

‘साडीचं नंतर बघू. आधी मनात काय आहे ते सांगा.’

‘मनात हळदीकुंकवाचं वाण आहे. पंचवीस नग, शंभरच्या आत.’

अशा वेळी वहिनी दुखावते, पण ऑर्डर सोडत नाही. मग मोत्यांचं पुराण लागतं. हैदराबादला समुद्र नाही, तरी चारमिनारपाशी मोत्यांचा बाजार कसा. 1893 साली जपानात मिकिमोतोने शिंपल्याला फसवून मोती कसा पिकवला. ‘आत काहीतरी सलतं, शिंपला त्यावर थरावर थर चढवतो. आपलंही तसंच असतं ना?’

‘हो. पण कानातल्याला फिरकी आहे की हूक?’

सासूबाईंना हे सगळं पटत नाही. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा तन्मणी आहे. ‘मोती काय भिंत आहे का रंगवायला?’ म्हणत त्यांनी एक मोती उचलून दातावर घासला. खरखरला. खोटा असता तर गुळगुळीत लागला असता. ‘खरा आहे की गं!’ म्हणाल्या आणि तेव्हापासून त्या पॅकिंगला बसतात. डबीत घालायच्या चिठ्ठीवरची सूचनाही त्यांच्याच अक्षरात असते: ‘भावनेवर अत्तर मारू नये.’

हसायचं तेवढं हसून घ्या, पण तिचा हात चांगला आहे. मसुराएवढ्या जागेत सहा पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध केशराचा नेमका तो ठिपका. तिने तोंड उघडलं नाही, तर किंमत जास्त वाटत नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरची सून आली. नणंदेला दिलेला कृतज्ञतेचा सेट परत आला होता. नणंदेला निळं काहीतरी हवं होतं. वहिनीने चष्मा चढवून पाकळ्या तपासल्या, वार्निश कुठे उडालेलं नाही हे पाहिलं, कृतज्ञता परत घेतली, गोकर्ण दिलं आणि वरचे दोनशे जीपेवर घेतले.