पाव बोटाचा फरक

आमच्या मावशीसमोर एकच वस्तू ठेवा, ती भाव करून, पिशवीत टाकून मोकळी होते. दोन ठेवल्या की तुमचा दिवस गेला. त्यातही दोन्ही वस्तू वेगवेगळ्या असतील तर फारसा धोका नाही. लाल साडी आणि हिरवी साडी असेल तर ती हिरवी उचलून चालायला लागते. पण दोन्ही हिरव्या, दोन्हींचं सूत एक, आणि एकीचा काठ तीन बोटं तर दुसरीचा सव्वातीन, असं काही हाती लागलं की मावशी दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसते आणि मला सांगते, "तूं च्या पिवन यो."

मावशीचं सगळं मोजमाप बोटांत चालतं. कोरगावच्या खाजनात उभं आयुष्य लावणी केलेली ती बोटं. पट्टी खोटं बोलेल, ती बोलणार नाहीत. तव्याचा कान, आदोळीचं पातं, मुलीच्या परकराची दुमड, सगळं ती बोटं आडवी लावून सांगते. अडचण एवढीच, की तिला पाव बोटाचाही फरक कळतो. तुम्हाआम्हाला जिथे दोन सारख्या वस्तू दिसतात तिथे तिला दोन वेगळे संसार दिसतात.

म्हापशाच्या त्या कापडवाल्याने शेवटी हात टेकले. म्हणाला, "मावशी, दोन्ही घरी न्या. बघा. नको असेल ती परत आणा." दोन्ही हिरव्या साड्या आठ दिवस आमच्या वळईत दांडीवर होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्यासमोर उभं करून मत विचारलं जाई. दूधवाल्याने विचार न करता रुंद काठाकडे बोट दाखवलं आणि तो दूध मापायला लागला, तेव्हा मावशी अर्धा तास अरुंद काठाच्या बाजूने बोलत होती. दुसऱ्या दिवशी शेजारणीने अरुंद काठ पसंत केला, तर मावशी रुंद काठाची वकील. तिची पद्धत माझ्या उशिरा ध्यानात आली. ती सल्ला मागते तो घेण्यासाठी नाही. तुम्ही एका बाजूला बसलात की तराजू कलतो. मग दुसऱ्या पारड्यात जाऊन बसायला कुणीतरी हवं ना. नवव्या दिवशी तिने दोन्ही साड्या परत केल्या. एक ठेवली असती तर दुसरी मनात राहिली असती, म्हणाली.

लग्नाच्या वेळीही तिला दोन स्थळं आली होती म्हणतात, दोन्ही पेडण्याचीच, दोन्ही मास्तर. त्यातले एक वाट बघून कंटाळले. उरले ते आमचे काका.

अशा मावशीची एकुलती एक मुलगी, आमची बाय, म्युनिकला नोकरी करते. नवराही तिथेच. लग्नाला चार वर्षं झाली. पाळणा हलत नाही, हा मावशीच्या घरातला कायमचा विषय. फक्त तो फोनवर काढायचा नाही, असा बायचा दम आहे. जर्मनीत गेल्यावर बाय बर्फावरून घसरायला शिकली. शनिवारी पहाटे गाडीत सामान टाकायचं, दीड तासात आल्प्सच्या पायथ्याशी. दोन हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढले आणि यंदा एप्रिलमध्ये, हंगाम संपता संपता सेल लागला तेव्हा स्वतःची जोडी घ्यायचं ठरवलं. आणि आईची लेक ती. दोन जोड्या समोर आल्या: एक ८८, दुसरी ९३.

व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी वळईत फणस फोडत होतो. मावशीने फोन माझ्या तोंडापुढे धरला. हात चिकाने माखलेले, त्यामुळे पळायची सोय नव्हती.

८८ आणि ९३ म्हणजे काय, ते बायने समजावलं. स्की ही दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये, पाय बसतो तिथे, कमरेसारखी बारीक असते. त्या कमरेची रुंदी मिलीमीटरमध्ये मोजतात आणि तोच आकडा नावाला लावतात. बर्फ दाबून कडक केलेला असला की स्की कडेवर उभी करून वळावं लागतं. बारीक कमरेची स्की या कडेवरून त्या कडेवर चटकन येते. ताजा, भुसभुशीत बर्फ असला की रुंद स्की वर तरंगते, बारीक रुतते. पक्क्या वाटेवर आणि वाटेबाहेर, दोन्हीकडे चालावी अशी जी मधली जात, तिला ऑल-माउंटन म्हणतात. म्हणजे सगळ्या डोंगराची.

मला वाटलं, मावशीच्या डोक्यावरून गेलं असेल. तिने फोन स्वतःकडे वळवला. "खाजनात मानशीकडे चिखल असता," ती म्हणाली, "थंय पाय ढोपरापर्यंत वता. पिडो टाकून उभं राहिलं की वयना. पूण पिड्यावरून रस्त्यावर चालूं येना." बाय दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "आई, बरोब्बर हेच." पिडो म्हणजे झावळीचा रुंद बुंधा. मीही लहानपणी पोफळीच्या विरीवर बसून काजीच्या उतारावरून घसरलो आहे, रुंद विरी मिळावी म्हणून मारामाऱ्या केल्या आहेत, पण हे मला सुचलं नव्हतं.

"पाच मिलीमीटर म्हणजे कितले रे?" मावशीने मला विचारलं. मी म्हटलं, तांदळाच्या दाण्याहून कमीच. ती आत गेली आणि कोरगुटाचे चार दाणे घेऊन आली. लाल, जाडसर. काकांच्या टेबलावरची फूटपट्टी मागवली. एक दाणा आडवा ठेवून बघितला, मग बोट आडवं ठेवून बघितलं.

"पाव बोट," ती म्हणाली. आणि तिचे डोळे चमकले. मी समजलो, आता आपला एप्रिल गेला.

पुढचा दीड महिना कोरगावात, जिथे एखादा सोडला तर कुणी आयुष्यात फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला नाही, तिथे स्कीच्या कमरेवर चर्चा चालली होती. सुताराला दाराची चौकट दुरुस्त करायला बोलावलं होतं. त्याच्यापुढे प्रश्न ठेवला. त्याने आकडे ऐकले, पेन्सिल कानावर सरकवली आणि म्हणाला, "पाच मिलीमीटर? तें रंध्यातच वता." मावशीचा इतका अपमान कुणी केला नव्हता. केरीच्या किनाऱ्यावरून मासे घेऊन येणाऱ्याने मात्र तिची बूज राखली. टोपली खाली ठेवून, रुंद होडी तरते पण वळायला आळशी, आणि बारीक होडी वळते पण लाटेत जीव घेते, हे त्याने हातवारे करून सांगितलं. मावशीने त्या दिवशी तारले घासाघीस न करता घेतले.

गावातले एक निवृत्त फौजी कमलेश्वराच्या देवळाकडे संध्याकाळी बसतात. काश्मीरमध्ये गुलमर्गला लष्कराचं बर्फात लढाई शिकवणारं विद्यालय १९४८ पासून आहे, तिथे त्यांनी तरुणपणी काही आठवडे काढले होते. मावशी मुद्दाम त्यांच्याकडे गेली, मला घेऊन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आमकां कोण विचारतलो? मिळतात तीं पायात घालपाचीं. पडलो की उठपाचें." परत येताना मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणूनच लढाय लांबता."

तिकडे बायचीही तीच गत. तिथल्या दुकानात वापरून बघायला जोडी भाड्याने मिळते. तिने एका शनिवारी ८८ नेली, दुसऱ्या शनिवारी ९३. पहिल्या शनिवारी रात्रीच्या गारठ्याने वाट काचेसारखी कडक. ८८ सुरीसारखी धावली. दुसऱ्या शनिवारी एप्रिलमध्येही हातभर ताजा बर्फ पडला. ९३ वर ती तरंगत खाली आली. म्हणजे दोघीही पहिल्या वर्गात पास. मग लांबीचा प्रश्न निघाला. मग वळणाचा घेर. मग पायाखालच्या बाइंडिंगला जो ब्रेक असतो तो स्कीच्या कमरेला बसेल एवढा रुंद हवा, म्हणजे ८८ चा ब्रेक घेऊन ठेवला आणि उद्या ९३ घेतली तर वाया. बायने एक तक्ता केला. आमच्या घराण्यात तक्ता करणारी ती पहिलीच. मावशीचे तक्ते तोंडी असतात.

दोन्ही जोड्या खास बायकांसाठीच्या होत्या. "बायलांची फळी वेगळी ती कशी?" मावशीने मध्येच विचारलं. हा प्रश्न मलाही होता. बाय म्हणाली, थोडी हलकी असते, आखूड मापांत मिळते, काहींत पाय ठेवायची जागा किंचित पुढे सरकवलेली असते. आणि काही कंपन्या नुसता रंग बदलतात. "रंग बदलून बाजारात भाव वाढोवपी," मावशी म्हणाली, "म्हापशांत लेगीत आसात."

जूनमध्ये पाऊस लागला. सेल संपायला आठवडा राहिला. बायच्या आवाजात रडकुंडीचा सूर यायला लागला. नवरा तिच्याशी स्की सोडून कुठल्याही विषयावर बोलायला तयार होता. मी एकदा धीर करून म्हटलं, "८८ घे. तू अजून पक्क्या वाटेवरच जास्त असतेस." झालं. मायलेकी दोघी मिळून माझ्यावर ९३ घेऊन धावल्या. दुसऱ्या दिवशी मी ९३ म्हटलं, तर ताज्या बर्फाचे दिवस वर्षाकाठी असतात किती, असा सवाल मलाच. त्यानंतर मी बोलणं सोडलं आणि फोन वाजला की माडाला पाणी घालायला जाऊ लागलो, पाऊस पडत असला तरी.

आणि मग एका संध्याकाळी सगळं चुटकीसरशी मिटलं. झालं असं, की दीड महिना आम्ही नुसते आकडेच बोलत होतो. नावं कुणी घेतलीच नव्हती. बाय कंटाळून तक्ता वाचत होती: "ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल अठ्ठ्याऐंशी. नॉर्डिकाची सांता आना त्र्याण्णव."

मावशी वाती वळत होती. तिचे हात थांबले.

"कितें म्हणालीस?"

"ब्लॅक पर्ल. काळा मोती."

"काळे मणी तुज्या गळ्यात आसात," मावशी म्हणाली. "दुसरी?"

"सांता आना."

"सांतान?" मावशी उभी राहिली. वाती मांडीवरून खाली सांडल्या. "तळावलेची सांतान?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. तिसवाडीत तळावलीला सांता आनाचं, म्हणजे मेरीच्या आईचं, सतराव्या शतकातलं भलंमोठं चर्च आहे. जुलैच्या अखेरीस तिथे फेस्त भरतं, त्याला तवशांचं फेस्त म्हणतात. मूल हवं असलेली जोडपी तिथे काकडी वाहतात, हिंदूही जातात, ख्रिस्तीही. पोर्तुगीजमध्ये काकडीला पेपिनो आणि मुलाला मेनिनो, तेव्हा देवाणघेवाण यमकातच पक्की झालेली. लग्न जमायचं असेल तर उडीद. ते यमक वेगळं. मावशी चार वर्षं तिथे जायचं म्हणत होती आणि बायच्या दमामुळे जात नव्हती. नॉर्डिकावाल्या इटालियनांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. सांता आना हे कॅलिफोर्नियातल्या एका गरम वाऱ्याचंही नाव आहे, असं मी म्हणणार होतो. मावशीच्या तोंडाकडे बघून गिळलं.

"तीच घे," ती म्हणाली. "आतांच घे. त्र्याण्णव घे."

"आई, पण कडक बर्फावर..."

"सांतानीची आसतना कडक बर्फ कितें करतलो?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा मावशीने दोन सारख्या वस्तूंतली एक पाच सेकंदात निवडली होती. काका आतून बाहेर येऊन बघून गेले. बायने घेतली ती जोडी. तिला कारण कळलं नाही. आईने शेवटी काहीतरी एक म्हटलं, एवढ्यावरच ती खूश होती. मला वाटलं, चला, मावशी सुधारली.

जुलैच्या त्या रविवारी धो धो पाऊस होता. मावशी पहाटे पाचला आंघोळ करून तयार. "बायक सांगूं नाका," एवढंच म्हणाली. मी गाडी काढली. पेडणे, म्हापसा, पणजी करत आम्ही तळावलीला पोचलो तेव्हा चर्चच्या पांढऱ्या भिंतींवरून पाण्याचे ओघळ उतरत होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली बायका टोपल्यांत तवशी मांडून बसल्या होत्या. मिस्साची घंटा झाली. लोक आत जायला लागले. मी छत्री धरून म्हटलं, "मावशी, घे एक, चल."

पहिल्याच टोपलीपुढे ती वाकली. दोन तवशी उचलली. दोन्ही हिरवी, दोन्ही ताजी, दोन्हींचे देठ तसेच. डाव्या हातातल्या तवशावर तिने उजव्या हाताची बोटं आडवी लावली. मग उजव्या हातातलं डाव्या हातात घेऊन त्यावर लावली. एक पाव बोटाने जाड होतं.

टोपलीवालीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक रिकामी पाटी उलटी करून माझ्यापुढे सरकवली, बसायला. मावशीने मान वर केली.

"तुका कितें दिसता रे?"