नीट, पण सीमेच्या अलीकडून

बेळगावजवळच्या कडोलीच्या पोरानं डॉक्टर व्हायचं मनात आणलं, की आधी दोन राज्यांच्या माहितीपुस्तिका पाठ कराव्या लागतात. जीवशास्त्र नंतर. नीटचे गुण 720, भाषा 13, आणि त्यांत मराठीही आहे! फक्त मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बेळगावच्या केंद्रावर बसायचं, तर कन्नड चालेल, इंग्रजी चालेल, हिंदी-उर्दूही चालेल. (महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, नीट मात्र एका दुपारीत उरकते.)

कर्नाटकात कन्नड माध्यमवाल्यांसाठी राखीव जागा आहेत. मराठी शाळेतल्यानं ती ओळ वाचून पान उलटावं. महाराष्ट्र 865 गावांवर हक्क सांगतो आणि सीमाभागातल्या मुलांसाठी मूठभर जागाही ठेवतो. अट एवढीच, की मातृभाषा मराठी असल्याचं कागदावर सिद्ध करा. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या कडोलीनं! बाकी रहिवासाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल कार्यालयातून येतो, तो कन्नडमध्ये. मग त्याचं भाषांतर, त्यावर शिक्का, आणि सगळ्याच्या झेरॉक्स.

तेव्हा पालकहो, दाखल्यांची फाईल दहावीपासूनच लावायला घ्या. शरीरातली 206 हाडं कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतातच.